मुलांच्या सामन्यात पंचावर हात उठू नये म्हणून: आयोजक, प्रशिक्षक आणि पालकांनी नेमकं काय करायचं

चौदा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल सामना. उपांत्य फेरी, बरोबरी, शेवटची सहा मिनिटं. शिट्टी ज्याच्याकडे होती तो स्वतःच सोळा वर्षांचा. त्याने पेनल्टी दिली आणि एका खेळाडूचे वडील रेषा ओलांडून थेट त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. छातीला छाती लागेल इतके जवळ. मारलं नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाले, "बाहेर भेट, मग दाखवतो पेनल्टी." पोराच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजत नव्हती. ओठच थरथरत होते.

मी त्या स्पर्धेचा आयोजक होतो, टेबलापाशी गुणपत्रक तपासत होतो. उठून तिथवर पोचलो तेव्हा सगळं बोलून झालं होतं. सामना कसाबसा संपला. त्या मुलाने पुन्हा कधी शिट्टी हातात घेतली नाही.

त्या गृहस्थांचं चुकलं, यात वादच नाही. पण ते आधीची वीस मिनिटं रेषेवरून ओरडत होते आणि मी ते ऐकत होतो. "बोलतात लोक, दुर्लक्ष करायचं" असं मीच पंचाला सांगितलं होतं. पुढे बऱ्याच स्पर्धा घेतल्या, काही सामन्यांत स्वतः शिट्टीही धरली आणि एक गोष्ट पक्की झाली. पंचावर हात अचानक उठत नाही. आधी हुज्जत, मग टोमणे, मग शिवी, मग रेषा ओलांडणं, मग अंगावर जाणं. हात शेवटी येतो. पहिल्या पायरीवर जो अडवत नाही, त्याला पाचवीवर अडवता येत नाही. आणि हे अडवणं एकट्या पंचाचं काम नाही. ज्याने त्याला बोलावलं, त्याचं आहे.

हे कुठवर जातं

नेदरलँड्समधल्या अल्मेरे इथे डिसेंबर २०१२ मध्ये मुलांचा एक सामना झाला. रिशार्ड न्यूवेनहाउझेन हे एका खेळाडूचे वडील हौसेने लाइन्समन म्हणून उभे होते. सामना संपल्यावर विरुद्ध संघाच्या मुलांनी त्यांना मारहाण केली, लाथा घातल्या. ते उठले, घरी गेले, दुसरा सामना बघायला परत मैदानावर आले आणि तिथे कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या शनिवार-रविवारी त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने हौशी फुटबॉलचे तीस हजारांहून अधिक सामने रद्द केले. २०१३ मध्ये सहा किशोरवयीन खेळाडू आणि त्यांच्यातल्या एकाचे वडील दोषी ठरले.

त्याच वर्षी अमेरिकेच्या युटा राज्यात रिकार्डो पोर्टिलो या पंचाने एका सतरा वर्षांच्या मुलाला पिवळं कार्ड दाखवलं. पंच वहीत नोंद करत असताना मुलाने त्यांच्या डोक्यावर ठोसा मारला. एकच ठोसा. आठवडाभर कोमात राहून पोर्टिलो गेले.

आणि मोठी माणसं मुलांना काय दाखवतात? डिसेंबर २०२३ मध्ये तुर्कस्तानात वरच्या लीगमधल्या एका क्लबचे अध्यक्ष सामना संपल्यावर मैदानात उतरले आणि त्यांनी पंच हलील उमुत मेलेर यांच्या तोंडावर ठोसा मारला. लीग थांबवावी लागली. तो व्हिडिओ जगभर पोराटोरांनी पाहिला.

मरण ओढवतं ते क्वचित. रोज होतं ते वेगळं: पंच गुपचूप निघून जातात. अमेरिकेत शालेय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने सांगितलं की २०१८-१९ नंतरच्या काही हंगामांत सुमारे पन्नास हजार पंचांनी काम सोडलं. कोरोनाचाही त्यात वाटा होता, पण प्रेक्षकांची आणि पालकांची वागणूक हे कारण संघटना सातत्याने पुढे करत आली आहे.

"पूर्वी मुलं ऐकायची" याबद्दल थोडं

हे वाक्य प्रत्येक बैठकीत कोणीतरी टाकतंच. मला ते अर्धंच पटतं. पूर्वीचा बराचसा आदर म्हणजे भीती होती, आणि पंचांची मनमानीही तेव्हा भरपूर चालायची. आजचं मूल "का?" विचारतं, ते मला आवडतं. अडचण अशी की कधी विचारायचं, कोणी विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर काय करायचं, हे आपण त्याला शिकवलेलंच नसतं. वर टीव्हीवर प्रत्येक निर्णय दहा कोनांतून परत दाखवतात. त्यामुळे निर्णय म्हणजे वाटाघाटीची सुरुवात, असा समज झाला आहे. गल्लीतल्या सामन्यात एकच माणूस, एकच कोन आणि पापणी लवेपर्यंतचा वेळ असतो. तो चुकणारच. चुकलेला निर्णयही पाळायचा असतो, हे खेळाच्या नियमातच बसलेलं आहे. त्यासाठी पंच थोर असावा लागत नाही.

म्हणून "आदर करा" अशा पाट्या लावण्यात मी वेळ घालवत नाही. पद्धत बसवतो.

पायरी १: शिक्षा आधी ठरवा, कागदावर

स्पर्धेची नोंदणी सुरू होण्याआधी एक पानी वर्तन-नियम लिहा. एकच पान, कारण दोन पानं कोणी वाचत नाही. त्यात वागणूक आणि परिणाम समोरासमोर असू द्या:

- निर्णयावर हुज्जत, हातवारे, बॉल आपटणं: खेळाडू ठरावीक वेळ मैदानाबाहेर.
- शिवी किंवा धमकी: त्या सामन्यातून बाहेर, आणि पुढचा सामनाही बंद.
- पंचाला मुद्दाम स्पर्श, ढकलणं, थुंकणं: स्पर्धेतून बाहेर.
- मारहाण किंवा तसा प्रयत्न: सामना तिथेच संपला, प्रकरण वरच्या संघटनेकडे.
- पालकाने रेषा ओलांडली: तो मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ बंद. गेला नाही तर सामना विरुद्ध संघाला.

शेवटच्या ओळीवर भांडणं होतील. "बापाच्या चुकीची शिक्षा पोरांना का?" प्रश्न रास्त आहे. पण रेषेवरच्या बापाला आवरू शकणारी माणसं दोनच, त्याच्या संघाचा प्रशिक्षक आणि शेजारी उभे असलेले बाकीचे पालक. संघाला काही गमवावं लागणार असेल तरच ती पुढे होतात. मी हा नियम ठेवला आहे. वापरायची वेळ एकदाच आली.

पहिल्या ओळीतली "थोडा वेळ बाहेर" ही शिक्षा मला सगळ्यांत उपयोगी वाटते. इंग्लंडमध्ये तळागाळाच्या फुटबॉलमध्ये हुज्जतीसाठी दहा मिनिटं बाहेर बसवण्याचा प्रयोग आधी ३१ लीगमध्ये झाला. हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं आणि २०१९-२० च्या हंगामापासून नियम सगळीकडे लागू झाला. हॉकीत हिरव्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर बसावंच लागतं. रग्बीत हुज्जत घातली की पेनल्टीची जागा दहा मीटर पुढे सरकते. क्रिकेटच्या नियमांत २०१७ पासून अशीच चढती भाजणी आहे. पंचाला धमकावणाऱ्या खेळाडूला काही षटकं बाहेर बसवतात. मारण्याची धमकी दिली किंवा हात उगारला तर उरलेला सामना बाहेर, वर समोरच्या संघाला पाच दंड-धावा. तात्काळ, छोटी, नक्की मिळणारी शिक्षा मुलांना कळते. तीन आठवड्यांनी येणारं पत्र कळत नाही.

या पानावर प्रशिक्षक आणि प्रत्येक मुलाचा एक पालक, दोघांच्या सह्या घ्या. सही नसेल तर ओळखपत्र द्यायचं नाही. तीन जणांची शिस्त समिती नावांनिशी आधीच जाहीर करा, आणि त्यात यजमान संघाचा कोणी घेऊ नका. सगळं आधी ठरवायचं कारण साधं आहे. नंतर ठरवायला बसलात की समोर कोणाचा मुलगा आहे ते तुम्हाला माहीत असतं.

शेवटचं, तक्रारीची वाटही द्या. लेखी तक्रार, फक्त संघ-व्यवस्थापकाकडून, सामना संपल्यावर अर्ध्या तासात. ओरडण्याशिवाय दुसरा मार्ग नसला की माणूस ओरडतोच.

पायरी २: पंचाला एकटं पाठवू नका

अठरा वर्षांखालचा पंच असेल तर त्याच्यासोबत एक मोठा अनुभवी माणूस मैदानावर हवाच, निदान पहिले काही सामने. इंग्लंडमध्ये अल्पवयीन पंचाच्या दंडावर जांभळी पट्टी बांधतात. तुम्ही ओरडताय ते एका मुलावर, हे सगळ्यांना लांबूनच कळावं म्हणून. कापडाची पट्टी कुठेही मिळते. लगेच उचलण्यासारखी गोष्ट आहे.

आणि काही बारीकसारीक, जे कोणी सांगत नाही. मानधन सामन्याआधी द्या. नंतर द्यायचं ठेवलं की बिचारा पंच चिडलेल्या गर्दीत पैशांसाठी ताटकळत उभा राहतो. कपडे बदलायला कुलूप लागणारी खोली द्या. त्याची गाडी पालकांच्या गाड्यांपासून लांब लावायला सांगा. सामना संपल्यावर त्याच्याबरोबर गाडीपर्यंत कोण चालणार, ते नाव सामना सुरू होण्याआधी ठरलेलं असू द्या.

पायरी ३: मैदान आखताना भांडण निम्मं कमी करा

सीमारेषेपासून दोन-तीन मीटर मागे दोरी बांधा. प्रेक्षक दोरीमागे. दोन्ही संघांचे बाक एका बाजूला, पालक सगळे समोरच्या बाजूला. गोलच्या मागे कोणी नाही. पालक मुलाच्या बाकामागे उभे राहिले की प्रशिक्षक, पालक आणि बदली खेळाडू मिळून एक मोर्चाच तयार होतो. बाजू वेगळ्या केल्या की तो बनतच नाही. दोरीला अंगची ताकद काहीच नाही, पण ती ओलांडणारा सगळ्यांना दिसतो, आणि तेवढं पुरतं.

भडक रंगाचं जॅकेट घातलेला एक मैदान-प्रमुख नेमा. त्याला सामना बघायचा नाही. त्याने मैदानाकडे पाठ करून प्रेक्षक बघायचे. मी त्या दिवशी टेबलापाशी होतो, तिथे मला असा एक माणूस हवा होता.

पायरी ४: शिट्टीआधीची पाच मिनिटं

दोन्ही कर्णधार, दोन्ही प्रशिक्षक, पंच आणि मैदान-प्रमुख एकत्र उभे राहा. भाषण नको. पंचाने चार वाक्यं बोलायची: "निर्णयाबद्दल विचारायचं असेल तर फक्त कर्णधार येईल. बॉल थांबलेला असताना येईल. मी एका वाक्यात उत्तर देईन. त्यानंतर विषय संपला."

फक्त कर्णधाराने बोलायचं, हा रग्बीचा जुना रिवाज. फुटबॉलमध्ये २०२४ च्या युरो स्पर्धेत तो ठळकपणे राबवला गेला. मुलांच्या सामन्यात तर त्याचा दुहेरी फायदा होतो. पंचाभोवती घोळका जमत नाही, आणि कर्णधार झालेलं पोर दोन सामन्यांत शहाणं होतं. "सर, हँडबॉल कोणाचा होता?" असं नीट विचारायला शिकतं. मला विचाराल तर अख्ख्या यादीतून एकच गोष्ट करायची असेल तर ही करा.

पायरी ५: पंचाने स्वतः काय सांभाळायचं

पहिली हुज्जत ऐकू येईल तेव्हाच बोला. आधी नजर, मग शांतपणे एक सूचना, मग कार्ड. पहिल्या दहा मिनिटांत सोडून दिलेली गोष्ट पन्नासाव्या मिनिटाला तिप्पट होऊन येते. निर्णय देताना शिट्टी जोरात आणि छोटी वाजवा. दबकी शिट्टी ऐकली की सगळे वळून बघतात, की याला खात्री आहे का.

खेळाडूला हात लावू नका, समजूत घालायलाही नाही. तोंडासमोर बोट नाचवू नका. कार्ड दाखवताना दोन पावलं मागे राहा. कार्ड दाखवल्यावर आधी खेळाडूला जाऊ द्या, नजर त्याच्यावर ठेवा, मग वहीत लिहा. पोर्टिलोंच्या बाबतीत जे झालं त्यात त्यांचा दोष काडीचाही नव्हता. पण मान खाली घालून लिहिण्याचे ते चार सेकंद मी तेव्हापासून मोजून घेतो.

चूक झाली असेल आणि खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर निर्णय बदला, बिनधास्त. सुरू झाला असेल तर कर्णधाराला सांगा, "मला तसं दिसलं, चुकलंही असेल, आता पुढे." यात कमीपणा नाही. खोटा ताठा मुलांना लगेच ओळखू येतो.

पायरी ६: प्रशिक्षकाची परीक्षा

खेळाडू पंचाशी कसा बोलतो हे बघायचं असेल तर त्याचा प्रशिक्षक बाकावर काय पुटपुटतो ते ऐका. मूल तेच मैदानावर मोठ्याने म्हणतं. भडकलेलं पोर दिसलं की पंच कार्ड काढायच्या आधी त्याला बदला, पाच मिनिटं शेजारी बसवा, पाणी द्या. त्याच्याशी खेळावर बोला, निर्णयावर नको.

सरावात आठवड्यातून एकदा शिट्टी मुलांच्या हातात द्या. आळीपाळीने प्रत्येकाला. मी एका तक्रारखोर मुलाला सरावाचा सामना चालवायला लावलं होतं. सातव्या मिनिटाला तो धावत माझ्याकडे आला. "सर, दोघंही म्हणतात बॉल आमचा. मला दिसलंच नाही. काय देऊ?" मी म्हटलं, "काहीही दे, पण लगेच दे." त्याने दिला, आणि दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. नंतरच्या सामन्यांत त्याची बडबड बंद झाली असं नाही, पण निम्मी झाली.

पायरी ७: ओरडणाऱ्या पालकाला कसं गाठायचं

समोरून जाऊ नका, चारचौघांत बोलू नका, आवाज चढवू नका. बाजूने जाऊन शेजारी उभे राहा, दोघांचीही तोंडं मैदानाकडे. मी साधारण असं बोलतो:

"काका, तुमचा कुठला? आठ नंबर? चांगला पळतोय."

"पळून काय उपयोग, तो पंच आंधळा आहे."

"पंच सोळा वर्षांचा आहे, काका. तुमच्या आवाजाने आठ नंबरसुद्धा दर वेळी इकडेच बघतोय. जरा सांभाळून घ्या."

दहातले आठ इथे गप्प होतात, थोडे ओशाळतातही. उरलेल्यांना दुसऱ्यांदा स्पष्ट सांगायचं: "आता परत झालं तर मला तुम्हाला बाहेर पाठवावं लागेल." तिसऱ्यांदा पंचाला खूण करून खेळ थांबवायचा आणि त्या संघाच्या प्रशिक्षकालाच त्यांच्याकडे पाठवायचं. वर्णद्वेषी घोषणांसाठी फुटबॉलमध्ये तीन टप्प्यांची रीत आहे: थांबवा, काही वेळ स्थगित करा, तरीही चालू राहिलं तर सामना सोडून द्या. शिवीगाळीलाही तीच लावा. खेळ थांबला की मैदानावर जी शांतता पसरते, ती कुठल्याही सूचनेपेक्षा जड असते.

पायरी ८: तरीही हात उठलाच तर

सामना संपला. "उरलेली चार मिनिटं खेळून घेऊ" असं म्हणणारा कोणीतरी निघतोच. त्याचं ऐकू नका.

दोन मोठी माणसं पंचाच्या दोन्ही बाजूंना, थेट खोलीत. दोन्ही संघांची मुलं वेगवेगळ्या दिशांना. मारणाऱ्याला कोणी मारणार नाही याकडेही लक्ष द्या. तो अल्पवयीन असेल तर त्याच्याजवळही एक जबाबदार माणूस उभा करा.

डोक्याला, मानेला किंवा पोटाला मार असेल तर "मी बरा आहे" हे ऐकून सोडू नका. न्यूवेनहाउझेनही उठून घरी गेले होते. लगेच रुग्णालयात न्या, एकट्याला गाडी चालवू देऊ नका. घरच्यांना फोन करून सांगा की पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवा. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना.

गुणपत्रक ताब्यात घ्या. तीन-चार साक्षीदारांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या, त्यातला एक तरी तटस्थ हवा. कोणी मोबाइलवर चित्रण केलं असेल तर मूळ फाइल मागा, आणि ती समूहांवर फिरवू नका असं बजावा. त्यात मुलं आहेत.

अहवाल त्याच रात्री लिहा. "खेळाडूने अर्वाच्य भाषा वापरून गैरवर्तन केले" हा अहवाल समितीसमोर टिकत नाही. असा लिहा: "५२ व्या मिनिटाला पाहुण्या संघाच्या ६ क्रमांकाच्या खेळाडूने मला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. मी दोन पावलं मागे गेलो. तो म्हणाला..." आणि पुढे शिवी जशीच्या तशी. लाजून टिंबं देऊ नका. काय पाहिलं, काय ऐकलं एवढंच लिहा. त्याच्या मनात काय होतं ते लिहू नका.

पोलिसांत जायचं का, हा निर्णय पंचाचा, किंवा तो अल्पवयीन असेल तर त्याच्या पालकांचा. "पोराचं आयुष्य खराब होईल, मिटवून टाका" असं सांगणारे संध्याकाळपर्यंत चार जण येतात. आयोजकाने त्यांतला पाचवा होऊ नये.

पायरी ९: नंतरचे आठवडे

समितीने ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावा आणि तो पंचालाही कळवावा. मारहाण सहन केलेल्या माणसाला निकाल तिसऱ्याच कोणाकडून कळतो, हे फार ठिकाणी होतं, आणि ते ठोशाइतकंच लागतं.

मारणारा मुलगा असेल तर बंदी कडक द्या, पण परतीची वाट लिहून द्या. पंचांसाठीचं प्राथमिक प्रशिक्षण पूर्ण करायचं, लहान गटाचे काही सामने मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवायचे, पंचाची इच्छा असेल तरच त्याला भेटून माफी मागायची. माफी जबरदस्तीने मागायला लावू नका. ती पंचालाच दुसऱ्यांदा छळल्यासारखी होते. मोठ्या माणसाने हात उचलला असेल तर मी इतका उदार नाही. त्याला मुलांच्या मैदानावर पुन्हा जागा नसावी.

पंचाला त्याच रात्री फोन करा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवसापर्यंत बाकीच्यांचे फोन थांबलेले असतात आणि सोडून द्यायचा विचार तेव्हाच पक्का होत असतो. परत यायला तयार झाला तर पहिला सामना दहा वर्षांखालच्या मुलांचा द्या, जोडीला दुसरा पंच द्या, आणि दोरीपाशी मैदानाकडे पाठ करून तुम्ही स्वतः उभे राहा.